दुपट्ट्याखालची मोटार

मुखरूने नवी कोरी मोटार साडेआठशे रुपयांनी पाडून घेतली. पण हे तुम्ही अजून ऐकलेलं नाही. आपण बुधवारी सकाळी चांद्याच्या मोटारीच्या दुकानात उभे आहोत, भाव अजून दहा हजार आठशे आहे आणि मुखरूच्या मानेवर घाम आहे.

मुखरू सावली गावचा, बैलांचा दलाल. "बैल चांगला हाये" हे वाक्य त्याने वीस वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं, म्हणून धंदा चालला. बायको मात्र चालली नाही. गिरजा तीन वर्षांपासून ब्रह्मपुरीला माहेरी जाऊन बसली होती. जाताना पंचांसमोर म्हणाली होती, "शेनाच्या वासात मी परत येत नाई. मोटार घेऊन आला तं येतो." पंच हसले होते. आता सासऱ्याचा निरोप आला होता : रविवारी दिवस मावळेपर्यंत दारात मोटार दिसली नाही, तर काडीमोड करून तिथल्याच एका कंपाउंडरशी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावतो. मुखरूने शेत विकलं आणि साक्षीला चुलतभाऊ लटारूला घेऊन चांदा गाठलं.

त्याने मोटारीभोवती तीन फेऱ्या घातल्या. मडगार्डवर थाप मारून कातडी थरथरते का पाहिलं. दिव्यांत डोळे घालून म्हणाला, "नजर मारकी हाये. मांगं भारी, समोर हलकी. चिखलात बसन हे."

"भाऊ, भाव एकच," मॅनेजर म्हणाला. "कंपनीचा."

"बैलवाले बी असंच म्हनते."

मुखरूने खांद्यावरचा दुपट्टा मॅनेजरच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली बोटं दाबतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. मॅनेजरचा हात इतक्या मायेने बऱ्याच दिवसांत कुणी धरला नसावा, कारण त्याने तो काढून घेतला नाही. मिस्त्री आणि कारकून हातातली कामं टाकून बघायला आले. मुखरूने दोन बोटं दाबली की मॅनेजर एक सोडवून घ्यायचा. अर्ध्या तासात साडेआठशे उतरले.

पैसे मोजून झाले. पावती हातात आल्यावर मॅनेजरने सहज विचारलं, "मुखरूभाऊ, तुमच्या बाजारात बैल विकला की दावं कोणाचं?"

"इकनाऱ्याचं. दावं, वेसन, घुंगरू, समदं. ते देलं तं घरची लक्ष्मी जाते. घेनारा आपलं आनते."

"आणि घेणाऱ्याने मागितलं तर?"

"मांगन तो मानूस नाई. बाजारात त्याले कोनी उभं करत नाई."

मॅनेजरने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने वीस मिनिटांत स्टिअरिंगचं चाक काढलं, मग हॉर्न काढला. किल्ली मॅनेजरने स्वतःच्या खिशात टाकली.

"हे दावं, हे घुंगरू, ही वेसण," तो म्हणाला. "भाव बाजाराचा घेतला, तर नियमही बाजाराचाच. तुमचं तुम्ही आणा."

"कुठी भेटते?"

"इथंच. दोन हजार."

मुखरूचा दुपट्टा पुन्हा पुढे सरकला. मॅनेजरने हात पाठीमागे बांधले. "याचा भाव एकच."

"भाऊ, पोलिसात जाऊ," लटारू म्हणाला.

"कोन्त्या तोंडानं? नियम मीच सांगतलो."

उरलेल्या पैशात दोन हल्ये, म्हणजे रेडे, भाड्याने मिळाले. ते पुढे जुंपले. चाकाच्या जागी उघडा राहिलेला दांडा लटारूने लोहाराच्या सांडशीत धरला, आणि मोटार मूल गावावरून निघाली. वाटेत लोकांनी तिला कुंकू लावलं. मूलला एका म्हातारीने चारा टाकला.

रविवारी दिवस मावळायला अर्धा तास असताना ती ब्रह्मपुरीला सासऱ्याच्या दारात उभी राहिली. सासरा मनसाराम बाहेर आला.

"चालवून दाखव."

"किल्ली नाई."

"मंग हे हल्यायची बंडी हाये बापा. छपराची बंडी."

गिरजा नवं लुगडं नेसून दारात आली. मुखरूकडे न पाहता तिने मोटारीचं दार उघडलं, आत बसली, गादी दाबून पाहिली.

"मऊ हाये," ती म्हणाली. मग थोडी सरकली आणि घरात पाहून हाक मारली, "या ना, इथी बसा."

कंपाउंडर येऊन बसला.

पाटाची वरात काढत नाहीत. पण मोटार आयती दारात आहे म्हटल्यावर काढली. हल्ये मुखरूशिवाय कुणाचं ऐकत नव्हते, म्हणून हाकायला मुखरू. वरातीला हॉर्न पाहिजे असं कंपाउंडरचं म्हणणं पडलं, तेव्हा लटारूने तो तोंडाने वाजवला. चांगला वाजवला.

मंगळवारी मुखरूने कचेरीबाहेरच्या अर्जनविसाला चार आणे देऊन कागद लिहून घेतला :

"मेहेरबान डिप्टी कमिश्नरसाहेब, चांदा, यांचे सेवेशी. अर्जदार मुखरू, राहणार सावली, नम्रपणे कळवितो की, हल्यांनी ओढलेले वाहन हे मोटारच समजावे असा हुकूम हुजुरांनी काढावा. सदर हुकूम मागील रविवारी दिवस मावळण्याच्या अर्धा तास आधीपासून अमलात होता असे धरावे. आणि त्याची एक नक्कल अर्जदाराची बायको, सध्या मुक्काम कंपाउंडरचे घरी, हिला सरकारी खर्चाने वाचून दाखवून तिला अर्जदाराचे घरी रवाना करावे, ही विनंती."