प्रेमाचा नंबर

प्रेमाने चौदाव्या वर्षी सोळा सोमवार केले, ते नवऱ्यासाठी नव्हेत. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आत्तापासून चांगला नवरा मागतेय बघा." प्रेमा खाली मान घालून चूर्म्याचा घास गिळायची.

तिला हवा होता शेजारच्या सहदेवचा कॉम्प्युटर, तोही तासभरच. घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत तो एकच. मामाने आखातातून पाठवलेला, वहीएवढा, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा. पोरांची रांग लागायची. मुलींचा नंबर शेवटी. तोवर प्रेमाने बुटांच्या खोक्याच्या झाकणावर सगळी बटणं काढली, सहदेवकडून कॉम्प्युटरचं पुस्तक मागून आणलं आणि झाकणावर बोटं बडवत वहीत प्रोग्राम लिहिला. एक संकष्टी सांगितली की पुढच्या वर्षभराच्या संकष्ट्या सांगणारा.

सोळावा सोमवार झाला. रविवारी सहदेवची हाक आली, "ये गं, आज तुझा नंबर." ती वही छातीशी धरून गेली, तर खोलीत जळका वास. अडॅप्टर उडाला होता. महिन्याभरात सहदेवचं बिऱ्हाड चारकोपला गेलं. प्रेमा देवाला काही बोलली नाही. पुढे नवराही चांगला मिळाला, न मागता. वही मात्र तिने रद्दीत घातली नाही.

आणि आता, चाळीस वर्षांनी, चाळकऱ्यांच्या ग्रुपवर सहदेवचा निरोप: 'माळ्यावरचा तो कॉम्प्युटर दुरुस्त झाला. प्रेमा, तुझा नंबर राहिलाय.'

दुसऱ्याच दिवशी दुपारची पूजा आटोपून ती वही घेऊन चारकोपला पोचली. सहदेवने कुठून तरी जुना टीव्ही पैदा केला होता.

"फोनवर अख्खं पंचांग आहे गं. हे कशाला?"

"तू गप रे."

रबरी बटणं बोटाखाली दबली तशी तिने बोट उचलून पुन्हा दाबून पाहिलं. झाकण कधी दबलं नव्हतं. मग तिने वहीतल्या चाळीस ओळी उतरवल्या, प्रोग्राम चालवला. पडद्यावर तारखा सरकू लागल्या आणि सहदेव खो-खो हसला. "तीस फेब्रुवारीला चंद्र उगवला की!"

फेब्रुवारीचा हिशोबच ती विसरली होती. नव्या ओळी मध्ये घालाव्यात तर ओळींना दिलेले नंबर एक, दोन, तीन असे लागून.

"दहा-वीस-तीस द्यायचे असतात. मध्ये जागा राहते."

"मला कोण सांगणार होतं? तू?"

"आण, मी टाइप करतो."

"नको. माझा नंबर आहे."

सगळं पुसून तिने पहिल्यापासून लिहायला घेतलं, या खेपेस दहा-वीस-तीस करत. चहा गार झाला. पुन्हा चालवलं, तर तीस फेब्रुवारीच्या जागी दोन मार्च. खाली वर्षभराच्या तारखा, एकाखाली एक. हे बघायला आई असायला हवी होती, असं तिच्या मनात आलं. आणि मग, आई नाही, ती चौदा वर्षांची पोरगीच असायला हवी होती.

सहदेवने अडॅप्टरला हात लावून पाहिला. "तापलाय. बंद करू?"

"हे राहील ना यात?"

"नाही गं. कॅसेटवर उतरवावं लागतं, आणि टेप कधीच बिघडला. बंद केलं की गेलं."

दिवेलागणीला तिला घरी पोचायचं होतं. तो नेम तिने कधी मोडला नव्हता. तिने घड्याळाकडे पाहिलं, पर्स उचलून मांडीवर घेतली.

"पाच मिनिटं राहू दे," ती हळूच म्हणाली आणि पहिल्या तारखेपासून वाचू लागली.