सत्त्याण्णव सहा-सहा

शाळेच्या पटावर एकशे बारा मुलं, त्या शनिवारी हजर सत्त्याण्णव. भिंतीवर हिंदी अक्षरांचा सात ओळींचा एक तक्ता आणि त्याच्यापासून टेपने मोजून सहा मीटरवर खडूची रेघ. दुपारी एकपर्यंत मंजिरीच्या वहीत शहाण्णव नावं झाली होती. प्रत्येकापुढे एकच शेरा होता : सहा-सहा, म्हणजे नजर निर्दोष.

शेवटची आली पाचवीतली पिंकी. ती वाचत असतानाच पंख्याच्या वाऱ्याने तक्ता उलटला. पिंकी कोऱ्या कागदाकडे बघत उरलेली ओळ खणखणीत म्हणून मोकळी झाली.

मंजिरीने पेन खाली ठेवलं. कॉलेजच्या सेवा योजनेतून ती आणि अभिनव सिलतऱ्याजवळच्या या हिंदी शाळेत डोळे तपासायला आले होते. तिने जरा चुचकारलं, तेव्हा पिंकीने सगळं सांगून टाकलं. कोणीही नापास व्हायचं नाही, शाळेच्या इज्जतीचा सवाल आहे, असं बडे सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, कालच बजावलं होतं. म्हणून रांगेतल्या पुढच्यांनी मागच्यांना अक्षरं पोचवली होती. पहिलीतल्या पोरांकडून तर दोनदा घोकून घेतली होती.

"दीदी, सब पास हो गए ना?" पिंकीने विचारलं.

अभिनवला हसू आवरेना. प्रमाणपत्रापुरते तास भरले होते, बडे सरांची सहीही झाली होती. "चल यार, घंटे पूरे हो गए."

"घंटे झाले रे. डोळे कुठे तपासले?"

शाळेत मुलांचं जेवण रांधणाऱ्या अंजनाबाई पिंकीच्या मावशी; पिंकी त्यांच्याकडेच राहायची. माहेर अमरावतीकडचं, त्यामुळे मंजिरीशी मराठी बोलायला मिळालं की खूश असत. पण पिंकीचा विषय निघताच त्यांचा सूर बदलला. पोट्टी मठ्ठ आहे, फळ्यावरचं एक अक्षर धड उतरवत नाही, पाचवी झाली की घरीच बसवायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

"मठ्ठ पोरीला सात ओळी पाठ होतात का, मावशी?"

अंजनाबाई हळूच म्हणाल्या, "चष्मा लागला तं उद्या लोकं नावं ठेवतीन तिले."

पुढच्या शनिवारी मंजिरीने तक्ता बदलला. यात अक्षरं नव्हती, तीन दातांच्या फणीसारखी एकच खूण होती. दात कुठल्या बाजूला, ते बोटाने दाखवायचं. प्रत्येक मुलाला खोलीत एकट्याने बोलवायचं आणि दर वेळी तक्ता फिरवायचा. कमी दिसणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे तिने बडे सरांकडूनच मुलांना सांगवलं. चौदा जणांची नजर कमी निघाली.

पिंकीला दुसऱ्या ओळीपुढे काहीच दिसेना. तिचं बोट हवेत नुसतं फिरत राहिलं. दारात अंजनाबाई उभ्या होत्या, हातातला झारा तसाच.

"वर्षभर बोलून राहिली मी तिले," त्या म्हणाल्या. "फळ्याकडे पाहत नाही म्हणून."

सोमवारी सुट्टी टाकून त्या स्वतःच पोरीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या.

महिन्याभराने चष्मा आला. अंजनाबाई सहावीच्या प्रवेशाचा फॉर्म पदरात धरून मंजिरीपुढे उभ्या राहिल्या. "आधी पाहून घ्या, बाई. दिसत असन तं सही करतो."

पिंकी रेघेवर उभी राहिली. मंजिरीने तक्ता फिरवून लावला.

उजवा डोळा सहा-नऊ, एकच ओळ कमी. डावा सहा-सहा.