बसलेला आवाज

माणसाला गळा दोन कामांसाठी दिलेला असतो, गिळायला आणि बोलायला. प्रभावतीला गिळण्याची फारशी हौस नव्हती. एकदाच जेवणारी बाई ती, मुगाची आमटी आणि भात एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. पण बोलण्यावर तिचं घर माणसांनी भरायचं.

घर म्हणजे शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्या. नवरा नेमिनाथ प्लेगात गेला, मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर सुगीला धान्य पाठवायचा आणि वर्षभर तिला विसरून जायचा. नेमिनाथानं मागं काही ठेवलं नाही, पण जाण्याआधी एक काम करून गेला. बायकोला वाचायला शिकवलं. राधानगरीला महाराजांनी धरणाचं काम काढलं त्या सालांत पेठेत वाचता येणारी बाई म्हणजे अप्रूप होतं. रोज दुपारी गल्लीतल्या जैन बायका सुपं घेऊन तिच्या सोप्यात जमायच्या. ती पुराण वाचायची. त्या ऐकता ऐकता तांदूळ निवडायच्या, रडायचं तिथं रडायच्या, आणि कुणाच्या सुनेनं दूध उतू घालवलं तेही मध्येच सांगून घ्यायच्या. त्या उठून गेल्या की दुसऱ्या दुपारपर्यंत प्रभावतीशी बोलणारं कुणी नसे.

तिचं माहेर चंदगडकडचं, डोंगरातलं. तिकडे निम्म्या बायकांच्या गळ्याला गाठ, त्याला कुणी दुखणंसुद्धा म्हणत नसे. तिचीही गाठ लग्नाआधीपासूनची, सुपारीएवढी, पदराखाली झाकून जायची. पस्तिशीत ती वाढायला लागली आणि एका चैत्रात आवाजावर आली. वाचता वाचता आवाज घोगरा व्हायचा, मग फाटायचा, मग नुसती हवा निघायची. “काय म्हणालीस गं?” असं त्रिशलाकाकू दर ओळीला विचारायला लागल्या. वयानं सगळ्यांत थोरल्या त्या, त्यांनी सूप उचललं की बाकीच्याही उठायच्या. आवाज गेला तर या दारात कोण येणार, हा प्रश्न प्रभावतीला गाठीपेक्षा जास्त टोचत होता. तिनं सोमवारी दवाखाना गाठला.

डॉक्टर वागळे मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांनी मान चाचपली.

“गलगंड. डोंगरातल्या मातीत आयोडीन कमी, पावसानं सगळं धुऊन समुद्रात जातं. म्हणून आमच्याकडे बघा, एकीची मान अशी नाही. आम्ही मासळी खातो. तुम्ही थोडी...”

प्रभावतीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

“बरं, राहिलं. थेंब देतो. रोज पाण्यातून पाच. सहावा टाकायचा नाही. हे मिठासारखं असतं, बाई. कमी पडलं तर गाठ वाढते, जास्त झालं तर काळीज धावत सुटतं.”

मग कुठलीही जैन बाई विचारेल तेच तिनं विचारलं. “ह्यात जीव हाय का कशाचा?”

“छे, छे! मासा नाही, चरबी नाही. समुद्रातलं शेवाळ जाळतात, त्या राखेतून निघतं हे.”

डॉक्टरांना वाटलं, बाईची समजूत पटली. शेवाळाच्या एका कणात अनंत जीव, म्हणून पावसाळ्यात हिरवी झालेली फरशी जैन बायका कशी ओलांडतात ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यापेक्षा मासा परवडला असता, तो निदान एक जीव तरी.

तरी तिनं बाटली घेतली. राखेत कुठला आलाय जीव, असं मनाला बजावलं. एवढ्यावर गप्प बसली असती तर भागलं असतं, पण आपल्याच माणसांपासून काय लपवायचं, म्हणून तिनं त्रिशलाकाकूंना सांगितलं.

“शेवाळ? आगं, अनंत जिवांची राख ती! टाक ती बाटली. उपास कर, परायश्चित्त घे, मग येतो आम्ही.”

“आन् आवाज, काकू?”

“आवाज काय मोक्षाला संगं येतोय व्हय?”

हे अगदी खरं होतं. पण मोक्षाला अजून वेळ होता आणि दुपार रोज यायची.

बायका यायच्या थांबल्या. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडायला तरी दारात यावं लागतं. प्रभावतीनं मग आपल्या मनाशी बेत केला. भादव्यात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व. त्याआधी औषध उरकायचं, प्रायश्चित्त घ्यायचं आणि पर्वात मोकळ्या गळ्यानं वाचायला बसायचं. वेळ थोडा होता, म्हणून ती पाचाच्या जागी पंधरा थेंब घ्यायला लागली. विरजण जास्त घातलं की दही लवकर लागतं पण आंबट होतं, हे तिला चुलीपाशी ठाऊक होतं, बाटलीपाशी आठवलं नाही.

गळा हलका झाला खरा, पण काळीज बसल्या जागी धडधडायला लागलं. अंगाची आग व्हायची, खाल्लेलं अंगी लागेना, हात असे कापायचे की पोथीचं पान धरवेना. पर्व सुरू झालं तेव्हा ती अंथरुणात होती. पर्वासाठी जैन मठाकडे जाणाऱ्या बायकांचं बोलणं तिला खिडकीतून ऐकू यायचं आणि लांब जायचं.

डॉक्टरांनी तिला बघून कपाळावर हात मारला. “अति तिथं माती, हे तुम्हाला मी सांगावं? आता एक थेंब नाही. दर सोमवारी येऊन दाखवून जायचं.”

थेंब सुटले, काळीज हळूहळू ताळ्यावर आलं. तिनं उपास केले, मठात जाऊन प्रायश्चित्त घेतलं. दिवाळी झाली तोवर गाठ पुन्हा पदराआड गेली होती आणि आवाज देवळातल्या घंटेसारखा मोकळा झाला होता. तिनं सोपा सारवला, चटया घातल्या. दुपार झाली, कलली, कुणी आलं नाही. शेवटी तीच त्रिशलाकाकूंकडे गेली.

तिथं सगळ्या होत्या, सुपं घेऊन. मध्ये काकूंची नवी सून बसली होती, महाराजांच्या राज्यात मुलींच्या शाळेत शिकलेली. भराभरा वाचत होती.

“ये की, प्रभाक्का, बस!” काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कसलीच अढी नव्हती. “बरी झालीस, लई झ्याक झालं. आता तुला तरास न्हाई बघ. सूनच वाचती.”

प्रभावती मागं टेकून बसली. सून एका जागी शब्द चुकली. ओठांवर आलेला खरा शब्द प्रभावतीनं गिळला. त्यानंतर ती तिकडे गेली नाही. घरात पोथी उघडून एकदा मोठ्यानं वाचून पाहिलं, तेव्हा आपला खणखणीत आवाज भिंतीवर आपटून परत आलेला ऐकून तिला इतकं एकटं वाटलं की तिनं अर्ध्या ओळीत पान मिटलं. आठवडाभरात “हं, बोला बाई,” असं म्हणणारा एकच माणूस उरला होता, सोमवारचा डॉक्टर.

त्या सोमवारी त्यांनी मान चाचपली, हात पुढं करायला लावला, बोटं कापत नाहीत ते बघितलं.

“झालं की छान! आता यायची गरज नाही. हं, बोला बाई, आवाज कसा आहे?”

प्रभावती मान खाली घालून, घशातून ओढून काढल्यासारखी म्हणाली, “बसलेलाच हाय, डॉक्टर.”

“बसलेला?” त्यांनी पुन्हा गळा दाबून पाहिला. “गाठ तर उतरली. मग आत काहीतरी असणार. इथं माझ्यानं होणार नाही. मिरजेला मिशनच्या इस्पितळात दाखवा. कदाचित कापावंही लागेल.”

“तितं ठेवून घेत्यात?” तोच घोगरा आवाज.

“हो, पंधरा-वीस दिवस तरी. बायकांच्या वॉर्डात. खाटेला खाट लागलेली असते तिथं, रात्रंदिवस नुसती बडबड. त्याची तयारी ठेवा.”

“मग कवा जाऊ?”

आवाज असा लख्ख निघाला की बाहेर ओसरीवर बसलेल्या रोग्यांनी आत डोकावून पाहिलं. चिठ्ठी लिहायला घेतलेला टाक डॉक्टरांनी खाली ठेवला. इतक्या सोमवारांत कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

“बाई, घरी कोण कोण असतं तुमच्या?”

प्रभावतीनं तोंड उघडलं, पण या वेळी आवाज खरंच बसला होता. दारातल्या शिपायानं पुढच्या रोग्याचं नाव पुकारलं. ती उठली नाही.