वर घेतलेलं पातं

मित्रांनो, मी एक म्हातारा रंधा. सुताराच्या हातातला, लाकूड गुळगुळीत करणारा. तुमच्यापैकी निम्म्यांनी मला पाहिलंही नसेल, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना मी नुसता लाकडाचा ठोकळा वाटलो असेन. वाटू दे. माझ्या पोटात एक धारदार पातं तिरकं बसवलेलं असतं, पाचर ठोकून आवळलेलं. त्याची धार माझ्या तळातून केसभर बाहेर डोकावते. तेवढ्या केसभरावर माझं आयुष्य चाललं, आणि त्याच केसभरापायी माझा मिस्त्री माझ्यादेखत खचला. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मला मिस्त्रीनेच घडवलं. तेव्हा त्याला कुणी मिस्त्री म्हणत नव्हतं, मिसरूडसुद्धा धड फुटलं नव्हतं. एका मोडक्या पलंगाचा खूर त्याने मागून आणला आणि कोरून कोरून माझं अंग काढलं. पहिल्या खेपेला माझं तोंड वाकडं झालं, तर पठ्ठ्या मला शेगडीत घालायला निघाला होता! मग तासभर रुसून बसला आणि पुन्हा घासायला लागला. तेव्हापासून त्याच्या उजव्या अंगठ्याने माझ्या पाठीवर एक खळगा पाडला आहे. तो दुसऱ्या कुणाच्या अंगठ्याला बसत नाही.

बसणार तरी कसा? मला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या दुकानाचा कायदा. शेजारच्या गाळ्यातल्या पॉलिशवाल्याने एकदा मला दाराला टेकू म्हणून लावलं, तर मिस्त्री त्याच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही.

"अरे, रंधा आहे की बायको?" पॉलिशवाला म्हणाला.

"बायकोलाच विचार," मिस्त्री म्हणाला. "तीसुद्धा हात लावत नाही."

बायको म्हणजे वहिनी. पॉलिशवाला तिला वहिनी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. ती दुकानात लाकूड चिकटवायचा सरस गरम करायची, सालपटं गोळा करायची, फळीचं दुसरं टोक धरायची. सगळं बघायची. पण मला कधी शिवली नाही.

चांगले दिवस होते ते. माझ्या तोंडातून लांबच लांब सालपटं निघायची आणि गिऱ्हाइकं फळीवरून हात फिरवून म्हणायची, "वा मिस्त्री!" शाबासकी त्याला मिळायची, फुगायचो मी.

मिस्त्रीच्या छातीत काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. त्याचे ठोके तळव्यातून माझ्यापर्यंत पोचत. आधी ते घड्याळासारखे होते. मग मधेच धावायला लागले, मधेच गप्प. तो थांबायचा, घाम पुसायचा आणि वहिनीने विचारलं की म्हणायचा, "उकडतंय." डोंबलाचं उकडतंय! थंडीचे दिवस होते. मी आतल्या आत ओरडत होतो, पण माझ्या तोंडातून सालपटांशिवाय काही निघत नाही, मित्रांनो.

लेकीच्या घरच्या जेवणाच्या टेबलाची फळी चालली होती. अर्धी गुळगुळीत झाली, अर्धी खरबरीत, आणि मिस्त्री माझ्यावरच कोसळला.

इस्पितळात काय झालं ते वहिनी पॉलिशवाल्याला सांगत होती तेव्हा मी ऐकलं. हृदयात एक चुकार जागा होती, तिथून भलतेच ठोके सुटत. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि ती जागा आतून डागली. "डॉक्टर म्हणाले, छान झालंय. सुरुवातीला अधूनमधून ठोका चुकेल, घाबरायचं नाही. काही दिवसांनी हलकं काम सुरू करू द्या. फक्त रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा कापून घेऊ नका. रक्त लवकर थांबायचं नाही." एवढं सगळं सांगितलं डॉक्टरांनी, पण वहिनीच्या कानात राहिलं ते फक्त शेवटचं.

मिस्त्री कामावर यायच्या आदल्या दुपारी ती एकटीच दुकानात आली. पटाशा, करवती, वाकस असं सगळं पेटीत घालून कुलूप लावलं. माझ्यापाशी आली आणि थबकली. मी दिसलो नसतो तर मिस्त्रीने दुकान डोक्यावर घेतलं असतं. मग तिने, आयुष्यात पहिल्यांदा, मला उचललं. छोटी हातोडी घेऊन माझ्या मागच्या अंगावर ठक ठक केलं, वर्षानुवर्षं त्याला करताना पाहिलं होतं अगदी तसंच. पातं सैल झालं. तिने ते वर ओढलं, धार पोटात लपली, पाचर पुन्हा आवळली. वरून मी जसाच्या तसा दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. वाळला होता. मला उचललं, अंगठा खळग्यात ठेवला, आणि काय सांगू, त्याचे ठोके! सरळ, एकामागून एक, नव्यासारखे. मला रडू यायचं बाकी होतं. त्याने मला त्या अर्ध्या फळीवर ठेवलं आणि ढकललं.

मी नुसता घसरत गेलो.

पुन्हा ढकललं. काही नाही. अंगाचा भार टाकून ढकललं. टीचभर सालपटसुद्धा निघालं नाही. कपाळाला घाम फुटला.

तुम्ही म्हणाल, हाडाचा सुतार ना तो, मग रंधा उलटा करून तळ बघायचा की! एरवी त्याने तेच पहिलं केलं असतं. पण याच फळीसाठी पातं त्याने स्वतः बसवलं होतं, आणि त्याच्या रंध्याला कुणी हात लावत नाही, यावर त्याचा ठाम विश्वास. मग बिघडलं कोण? तोच. आजारातून उठलेल्या माणसाला दोष द्यायला स्वतःचं अंग सगळ्यात जवळ असतं. मी तळमळत होतो, अरे, मला उलटा कर! एकदाच कर! तुझं काळीज ठीक आहे रे, माझं पोट बघ!

तो स्टुलावर बसला. "संपलं माझं," म्हणाला. वहिनी दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

त्यानंतर तो दुकानात यायचा आणि त्या फळीकडे बघत बसायचा. जेवण आणलं की "नको." लेकीचा फोन आला की "टेबल दुसरीकडून घे." एक ठोका चुकला की छाती धरायचा. अर्धी खरबरीत फळी आणि अर्धा मेलेला माणूस, यांच्यामध्ये मी पडून होतो. देवा, मला जाळलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

शेवटी त्याने पॉलिशवाल्याला बोलावलं आणि मला त्याच्या हातात दिलं. "घेऊन जा. माझ्याच्याने आता होत नाही."

पॉलिशवाला एरवी पटकन काहीतरी चेष्टा करायचा. त्या दिवशी त्याने नुसतं खांद्यावरचं फडकं काढलं. त्यात मला गुंडाळलं.

"थांबा भावोजी," वहिनी म्हणाली. "तो रंधा उलटा करा."

मिस्त्रीने फडकं ओढून काढलं. मला डोळ्यापाशी धरून तळावरून नजर टाकली. धार कुठेच दिसेना.

"कुणी केलं हे?"

"मी."

"तू? अगं, मी इथे मेल्यासारखा बसलो होतो! दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं!" वहिनी ओरडलीच. "मेल्यासारखे होतात, पण बसलेले होतात ना! मला तेवढं पुरे होतं. त्या दिवशी या जमिनीवर पडलात तेव्हा मी एकटी होते इथे. तुम्हाला काय कळणार?" आणि ती सालपटांच्या पोत्यावर बसून हमसून हमसून रडायला लागली.

मिस्त्रीचा हात माझ्यावर घट्ट झाला. त्याचे ठोके वाढले, मीही भ्यालो. हातोडी घेऊन त्याने पातं खाली घेतलं, पाचर ठोकली आणि मला फळीवर ठेवलं.

मधेच एक ठोका चुकला. मला कळला, त्यालाही कळला. तो थांबला. वहिनी रडायची थांबून उभी राहिली. पॉलिशवाल्याने श्वास रोखला. पुढचा ठोका आला, त्याच्यामागून दुसरा आला. मग मिस्त्रीने मला हळूहळू फळीच्या टोकापर्यंत नेलं, आणि माझ्या तोंडातून एक पातळ, सलग सालपट निघालं.

ते त्याने वहिनीच्या हातात दिलं. "हात लावायचा तर सांगून लाव गं," एवढंच म्हणाला.

मिस्त्री अजून थोडंथोडंच काम करतो. ठोका अजून चुकतो, आणि चुकला की तो मला फळीवरच थांबवतो आणि वहिनी हातातलं काम टाकून बघते. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारातून उठलं तर त्याला जपा, जरूर जपा. पण त्याच्या हातातली धार त्याच्या नकळत काढून घेऊ नका. तो तुम्हाला नाही विचारणार, स्वतःलाच संपवत बसेल.

आता रोज संध्याकाळी मिस्त्री मला वहिनीच्या हातात देतो. त्याच्यासमोर ती पातं वर घेते. सकाळी तिच्यासमोर तो ते खाली घेतो.