आत किती?

खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात रत्नाकररावांनी तीस वर्षं बारूद भरायच्या खोलीचं दार सांभाळलं. दारावर पाटी होती: एका वेळी आत चारच माणसं. पाचवा मोठा साहेब का असेना, रत्नाकरराव त्याला उंबऱ्यावरच अडवायचे. "आत किती?" हा त्यांचा प्रश्न सगळ्या कारखान्याला पाठ होता. एकदा हाताखालचा श्यामसुंदर, रत्नाकररावांना मुलगी झाल्याची खबर द्यायला, आत चार असताना धावत आत शिरला. रत्नाकररावांनी पेढा द्यायचा सोडून मेमो दिला त्याला!

रिटायर झाल्यावर त्यांनी बरगीच्या वाटेवरच्या एका खेड्यात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि शहरातल्या पाहुण्यांना ते दोन-दोन दिवस भाड्यानं राहायला देऊ लागले. परवाना सहा जणांचा. शौचालयाचा खड्डा लहान आणि शेजाऱ्यांची विहीर जवळ, म्हणून सहाच. पाटी त्यांनी स्वतः रंगवली, कारखान्यातल्यासारखीच, पांढऱ्यावर लाल.

आणि गेल्या रविवारी ह्याच गृहस्थांनी शहरातल्या कांचघर भागातल्या एका कुटुंबातली चौदा माणसं आत घेतली. बायको, वसुधा, सकाळपासून बजावत होती.

"अहो, खड्डा भरत आला. विहिरीत उतरलं तर शेजाऱ्यांना काय तोंड दाखवाल?"

"एका दिवसानं काय होते?" असं म्हणून रत्नाकररावांनी पाटीवर टॉवेल टाकला. टाकताना त्यांना कसंनुसं झालं, पण टाकला.

दुपारी नेमका श्यामसुंदर बायकोला घेऊन स्कूटरवर आला. साहेबांचं घर पाहायची त्याची केव्हापासूनची इच्छा होती; सहाच्या पाटीची गोष्ट त्यानं फोनवर ऐकली होती. पायरीखालीच थांबून, जुन्या सवयीनं हसत त्यानं विचारलं, "साहेब, आत किती?"

"सहा," रत्नाकरराव बोलून गेले.

"अच्छा. मग आम्ही बाहेरच बसतो. आठ होतील ना."

दोघं कडुनिंबाखाली बसले. आतून चौदा जणांचा गलका येत होता. श्यामसुंदरनं खुर्ची फिरवली आणि घराकडे पाठ केली. रत्नाकररावांनी चहा आणला, तेव्हा तो बायकोला सांगत होता, "त्या मेमोमुळं दहाही बोटं शाबूत घेऊन रिटायर झालो मी. असा माणूस पुन्हा नाही झाला कारखान्यात."

रत्नाकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षांची कमाई म्हणजे ह्या एका माणसाचा विश्वास, आणि तोच आपण एका शब्दात घालवला, हे त्यांना लख्ख कळत होतं. तरी चहा संपेपर्यंत ते नुसते बिस्किटं पुढे करत राहिले. श्यामसुंदरनं स्कूटरला किक मारली, तेव्हा कुठे ते जवळ गेले.

"श्यामसुंदर, आत चौदा आहेत."

"माहीत आहे साहेब." त्यानं मान वर केली नाही. "पायरीवर चपला मोजल्या मी. तुम्हीच शिकवलं होतं, माणसाच्या तोंडाचं ऐकू नको, दारातल्या चपला मोज."

रत्नाकररावांनी पायरीकडे पाहिलं. पाटी झाकली होती त्यांनी, चपला तशाच पसरल्या होत्या.

"मग विचारलं काहून?"

"तुम्ही होते ना साहेब," श्यामसुंदर म्हणाला. "वाटलं, खरं सांगाल."