नेरिडाच्या नावाची पाई

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे आणि आज मी गोडगोड बोलणार नाही. वॉराबिन गावच्या फुटबॉल मैदानावर, कँटीनच्या खिडकीत माझी जागा होती. तीन बाजूंनी काच, खाली विजेची शेगडी. पिठाच्या पारीत खिमा भरून भाजलेल्या पाई गरम ठेवायच्या, हे माझं काम.

त्या पाई नेरिडाच्या हातच्या असत. कडा खुसखुशीत, आत दाट रस्सा, आणि एका हातात धरून खाल्ली तरी मनगटावर ओघळ नाही. दुसरा हात पंचाच्या नावानं बोटं मोडायला मोकळा लागतो ना. पाहुणा संघ सामना हरायचा आणि जाताना पाई बांधून न्यायचा.

मग तिचा भाचा डॅरल आला. "मावशी, तुझ्या हातची चव साऱ्या देशाला कळू दे की," म्हणाला. तिचा नवरा नुकताच गेलेला, गुडघे धरलेले. तिनं त्याच्या कंपनीच्या कागदांवर सही केली. कारखाना उभा राहिला. पेट्रोल पंपांवर, शहरांतल्या बड्या मैदानांवर, जिथं तिथं 'नेरिडाज' पाई, आणि पाकिटावर तिचा हसरा चेहरा. खोटं कशाला बोलू, आधी मीही फुशारलो. पुढे आतला खिमा कमी झाला आणि पिठाची खळ वाढली. खोक्यांतून गोठलेले धोंडे माझ्याकडे येऊ लागले. माझी काचसुद्धा कुणी पुसेना.

परवा अंतिम सामना होता. क्लबच्या मदतीसाठी म्हणून नेरिडा पूर्वीसारखा ट्रे भरून घेऊन आली. डॅरल खिडकीतच उभा होता.

"मावशी, हे इथं नाही ठेवता येणार. मैदानावर फक्त कंपनीची पाई चालते. बाहेरचा माल नको."

"बाहेरचा? अरे मेल्या, वर पाटीवर थोबाड कुणाचं आहे?"

"ते कंपनीचं. तूच दिलंस."

"बरं. मग घरी विकते, माझं नाव लावून."

"नावही कंपनीचंच गं. उगाच वकिलाची भानगड कशाला?"

माझ्यात रक्त नाही, पण असतं तर उकळलं असतं. रांगेतली निम्मी माणसं तिच्या हातचं खाऊन वाढलेली. त्यातला एक म्हणाला, "नेरिडाबाई, जरा बाजूला व्हा ना, खेळ सुरू होईल." बास, एवढंच. एकानंही रांग सोडली नाही. लाज वाटली मला त्यांची.

नेरिडानं ट्रे खाली ठेवला. "आणि हे कपाट कुणाचं रे?"

मला तिच्या नवऱ्यानं तिच्यासाठी घेतलं होतं, आणि मला विकत घ्यायचं त्या शहाण्या डॅरलला सुचलंच नव्हतं. तिनं माझी वायर उपटली. कँटीनमधल्या दोन बायकांनी हातातले चिमटे टाकले आणि मला उचललं. मध्यंतराला कंपनीच्या पाई दगडासारख्या थंडगार होत्या.

आता मी तिच्या गॅरेजात आहे. पाई गरम आहेत. वरची पाटी कोरी आहे, कारण तिचं नाव लिहायची तिलाच बंदी. लोक येतात आणि विचारतात, "कुठल्या कंपनीची?"

मित्रांनो, वस्तू जपा, असं सांगून असली कहाणी संपवायची रीत आहे. मला नाही जपलंत तरी चालेल. पण ज्या हातचं खाऊन मोठे झालात, तेच हात तुमच्यादेखत माघारी पाठवले जात असतील, तर निदान रांग तरी सोडा.