आत्याच्या हातांची उंची

“अगं ए काळे, माळ काय पळून चाललाय व्हय?” दुधनीच्या माळावर मेंढरांना दटावणारा मायाक्काआत्याचा तो आवाज. पदर धरून चालणाऱ्या लहानग्या पूनमला तो लिंबाच्या शेंड्यावरून उतरल्यासारखा वाटे.

तीच आत्या आज सोलापुरात, नवी पेठेमागच्या दवाखान्यात, डॉक्टर झालेल्या भाचीसमोर बसली होती. गुडघा धरला म्हणून मुलगा धनाजी घेऊन आला होता. मेंढरं घेऊन बाहेरच्या रानाला निघायचे दिवस जवळ आले होते. डॉक्टरनं हरकत घेतली नाही तरच आईला बरोबर न्यायचं, असं घरात ठरलं होतं.

पूनमनं तिला काट्यावर उभं केलं, मग भिंतीवरच्या पट्टीशी. वजन बेचाळीस किलो, उंची एकशे अडतीस. दोन्हींचा मेळ घालून बीएमआय आला बावीस. साडेअठराच्या खाली गेला तर काळजी. बावीस म्हणजे झकास. धनाजी हसून म्हणाला, म्हातारी आमच्या घरात सगळ्यांहून ठणठणीत. आत्यानं तर लगेच चपला चढवल्या आणि निघू का म्हणून विचारलं.

पूनमला तो आकडा पटेना. आत्याच्या दंडावर चोळीची बाही रिकामी झुलत होती. आणि ही बाई एवढीशी कधी होती? पाठीला पोक आलं, मणके खचले, उंची आटली. मग त्या आटलेल्या उंचीशी ताडून पाहिलं की वाळलेला देहसुद्धा भरलेला दिसणारच. पाठ वाकते. हातांची हाडं मात्र होती तेवढीच राहतात, आणि पसरलेल्या दोन हातांची लांबी म्हणजे जवळपास माणसाची मूळ उंचीच.

“आत्या, भिंतीला टेक आणि हात पसर. मेंढरं अडवायचीस तसे.”

“हितं कुटली आल्यात मेंढरं?” आत्या पुटपुटली, पण हात पसरले. या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप सरकत गेला. एकशे साठ. तरुणपणीची आत्या त्या दोन हातांत अजून उभी होती. त्या उंचीनं आकडा आला सोळाच्या जरासा वर.

पूनमनं धनाजीला चहाला धाडलं आणि दार लोटलं. कपडे कधीपासून सैल झाले, जेवण कसं आहे, असं ती हळूहळू विचारत गेली. आत्यानं सगळं उन्हावर, दातांवर आणि सुनेच्या जाड भाकरीवर ढकललं. पूनमनं वाद घातला नाही. खुर्ची ओढून ती आत्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि म्हणाली, रानात जायचं की नाही ते मागाहून बघू, आधी मला खरं सांग.

आत्यानं हात मांडीत गोळा केले.

“घास उतरत न्हाय गं पोरी. हितं अडतोय.” तिनं छातीवर बोट ठेवलं. “भाकरी कुत्र्याला टाकती अन् नुसती आंबील पिती. सांगितलं असतं, तर पोरांनी मला घरीच ठिवलं असतं की.”